न्यू जर्सीतील मुलींच्या सॉफ्टबॉल निवड चाचण्या : एका आईचा अभिप्राय

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. मार्चमध्ये आमच्या गावच्या लीगची आणि ऑगस्टमध्ये दोन ट्रॅव्हल क्लबांची, अशा एकाच वर्षात तिने सॉफ्टबॉलच्या, म्हणजे बेसबॉलसारख्याच पण मोठ्या चेंडूने आणि लहान मैदानावर खेळायच्या खेळाच्या, तीन निवड चाचण्या दिल्या. ट्रॅव्हल क्लब म्हणजे जे संघ शनिवार-रविवारी राज्यभर आणि कधी शेजारच्या पेनसिल्व्हेनियात स्पर्धा खेळायला जातात ते. रविवारच्या मराठी शाळेबाहेर मुलांची वाट पाहत उभे असताना इतर आईवडील मला वरचेवर विचारतात की मुलीला कुठल्या क्लबात घालावे, चाचणीत नेमके काय पाहतात, आणि संघाचा प्रशिक्षक दुसऱ्याच एखाद्या मुलीचा बाप असेल तर आपल्या मुलीवर अन्याय होतो का. दरवेळी अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावे, म्हणून हा अभिप्राय. संस्थांची नावे मी दिलेली नाहीत, कारण प्रशिक्षक वर्षागणिक बदलतात आणि चाचणी कशी घेतली गेली हे समजून घेणे नावापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

हा खेळ मला नवा नाही. जळगावला शाळेत असताना मी सॉफ्टबॉल खेळत असे आणि जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी होणाऱ्या शालेय स्पर्धांसाठी आमचीही निवड चाचणी होत असे. ती क्रीडाशिक्षक घेत, निवडलेल्या मुलींची यादी दुसऱ्या दिवशी सूचनाफलकावर लागे, आणि पालकांपैकी कोणी मैदानाकडे फिरकतही नसे. अमेरिकेत लहान मुलांचा खेळ पालकांच्याच खांद्यावर उभा आहे. मैदानावर पांढऱ्या रेषा आखणारा, पावसानंतर बेसजवळचे (धावणारी मुलगी जिथे पोहोचून सुरक्षित होते त्या खुणेजवळचे) पाणी उपसणारा, गुणपत्रक लिहिणारा आणि बहुतेक वेळा संघाचा प्रशिक्षकही कोणत्या ना कोणत्या मुलीचा आई किंवा बाप असतो. त्यामुळे इथे चाचणी घेणारा माणूस आणि चाचणी देणारी मुलगी एकाच घरातून, एकाच गाडीतून मैदानावर येणे हा अपवाद नसून रोजचा व्यवहार आहे, आणि चांगल्या-वाईट चाचणीतला फरक हा व्यवहार कसा सांभाळला जातो यातच मला दिसला.

प्रथम गावच्या लीगविषयी. तिची चाचणी कोणाला वगळण्यासाठी नसते. नाव नोंदवलेल्या प्रत्येक मुलीला संघ मिळतो आणि सर्व संघ साधारण सारख्या ताकदीचे व्हावेत एवढ्यासाठीच गुण दिले जातात. आमची लीग ‘लिटल लीग’ या मुलांच्या बेसबॉल-सॉफ्टबॉलच्या अमेरिकन संघटनेच्या नियमांनी चालते, आणि त्या नियमांनुसार साखळी सामन्यांत संघातल्या प्रत्येक मुलीला किमान सहा बाद होईपर्यंत क्षेत्ररक्षण आणि किमान एकदा फलंदाजी द्यावीच लागते. हा नियम मला फार मोलाचा वाटतो. न्यू जर्सीतल्या मुलींना ही मैदाने सहजासहजी मिळालेली नाहीत. 1972 मध्ये होबोकेनच्या मरिया पेपे या बारा वर्षांच्या मुलीला तीन सामने खेळल्यावर, केवळ मुलगी म्हणून, लिटल लीगच्या बेसबॉल संघाबाहेर जावे लागले. तिच्या वतीने राज्याच्या नागरी हक्क विभागाकडे दाद मागितली गेली, निकाल मुलींच्या बाजूने लागला, आणि 1974 मध्ये लिटल लीगने बेसबॉल मुलींना खुला केला व त्याच वर्षी सॉफ्टबॉलही सुरू केले. तोवर पेपेचे स्वतःचे खेळायचे वय उलटून गेले होते. ज्या राज्यात एका मुलीला एवढी किंमत मोजावी लागली तिथे कोणतीही मुलगी संपूर्ण सामना बाकावर बसून राहू नये, असे मला मनापासून वाटते.

मार्चमध्ये बाहेर थंडी असते, म्हणून ही चाचणी एका शाळेच्या व्यायामशाळेत झाली. गुण द्यायला माणसे कमी पडत होती, तेव्हा मी नाव दिले आणि दोन तास हातात पॅड घेऊन बसले. चाचणीकडे बघण्याची माझी दृष्टी त्या दोन तासांत बदलली. पाठीवर क्रमांक लावलेल्या साठेक मुली एकामागून एक समोर येत होत्या आणि प्रत्येकीसाठी पाच रकाने होते : फेक, जमिनीवरून येणारा चेंडू, उंच झेल, फलंदाजी, धावणे. गुण एक ते पाच. पहिल्या दहा-बारा मुलींना मी सरसकट तीन दिले, कारण पाच म्हणजे किती चांगले हे ठरवायला डोळ्यांसमोर काहीच नव्हते. विसाव्या मुलीनंतर अंदाज येऊ लागला, आणि चाळिसाव्यानंतर डोळे थकले. म्हणजे आरंभी आलेली मुलगी आणि शेवटी आलेली मुलगी यांच्या गुणांत जो फरक पडला त्यातला काही भाग निव्वळ माझा होता. लीगला मी नंतर सुचवले की चाचणीआधी वरच्या वयोगटातल्या दोन मुलींना तीच सर्व कामे करायला लावावीत आणि त्यांना किती गुण द्यायचे हे सर्वांनी मिळून ठरवावे, म्हणजे सर्वांची मोजपट्टी एक होईल. सूचना लिहून घेतली गेली. पुढच्या मार्चमध्ये काय होते ते पाहीन.

त्या दिवशीची सदतीस क्रमांकाची मुलगी मला अजून आठवते. व्यायामशाळेच्या लाकडी जमिनीवर चेंडू जोरात घसरत येतो. तिला आलेला पहिलाच चेंडू दोन पायांमधून मागे निघून गेला. मागे चेंडू गोळा करायला दोन मोठ्या मुली उभ्या होत्या, तरी ही स्वतः वळली, भिंतीपर्यंत धावत गेली, चेंडू उचलून योग्य जागी फेकला आणि धावतच परत येऊन पुन्हा गुडघे वाकवून, ग्लोव्ह जमिनीला टेकवून तयार राहिली. पुढचे तीनही चेंडू तिने अडवले. पाच रकान्यांपैकी एकातही मला हे लिहिता आले नाही, म्हणून मी समासात लिहिले. मुली चुका करणारच, आणि सॉफ्टबॉल हा चुका सहन करण्याचा खेळ आहे. दहा वेळा बॅट घेऊन त्यातल्या तीन-चार वेळा बेसवर सुखरूप पोहोचणारी मुलगीही चांगली गणली जाते. म्हणून पहिल्या चुकीनंतरचा चेंडू हाच चाचणीतला सर्वांत महत्त्वाचा चेंडू असतो, आणि तो बघणारा प्रशिक्षक मुलीला ओळखतो.

माझ्या मुलीचा गट आला तेव्हा मी पॅड शेजाऱ्याकडे दिले आणि बाहेर गेले. तसा लीगचा लेखी नियमच आहे. प्रशिक्षकाची स्वतःची मुलगी त्याच्याच संघात जाते, पण संघवाटपात, म्हणजे प्रशिक्षक फेरीफेरीने एकेक मुलगी निवडतात तेव्हा, ती कितव्या फेरीत मोजायची हे इतरांनी दिलेल्या गुणांवरून ठरते, जेणेकरून चांगली खेळाडू कन्या फुकट पदरात पडू नये. चाचणीला न आलेल्या मुलींची नावे चिठ्ठ्या टाकून टोपीतून काढतात, त्यामुळे आपल्या ओळखीतली चांगली खेळाडू मुद्दाम घरी ठेवून नंतर गुपचूप संघात ओढण्याची वाटही बंद होते. फी शंभर-सव्वाशे डॉलर, त्यात शर्ट आणि टोपी. एवढ्या पैशांत यापेक्षा अधिक काही मागावे असे मला वाटत नाही.

ट्रॅव्हल क्लबांची गोष्ट वेगळी, कारण तिथे निवड म्हणजे खरोखरच निवड असते. प्रत्येक मुलीला खेळवण्याची सक्ती तिथे सहसा नसते. कोण किती खेळणार हे प्रशिक्षक ठरवतो. शिवाय आमच्या मुलीचा हा वयोगट बदलण्याचा काळ होता. दहा वर्षांखालील गटात चेंडूचा परिघ 11 इंच असतो आणि पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारी मुलगी, 35 फुटांवरून टाकते. बारा वर्षांखालील गटात चेंडू 12 इंचांचा आणि अंतर 40 फूट होते. एका इंचाने काय होते, असे वाटेल. पण लहान पंजात मोठा चेंडू नीट बसत नाही, बोटांऐवजी तळव्यात जातो आणि फेक उंच जाते. नुकतीच वर आलेली मुलगी आणि या गटात वर्षभर खेळलेली मुलगी यांना एकाच रांगेत उभे करून तोलायचे असेल, तर तोलणाऱ्याला निदान हे माहीत असले पाहिजे.

पहिला क्लब आमच्या भागात नावाजलेला. चाचणीची फी 40 डॉलर, आणि जागा बंदिस्त, कृत्रिम गवताचे वातानुकूलित मैदान. ऑगस्टच्या दमट उकाड्यात ही सोय कोणालाही आवडेल, मलाही आवडली. प्रवेशद्वारावरच्या फलकावर ठळक लिहिले होते की इथे पालक प्रशिक्षक नाहीत, सर्व प्रशिक्षक पगारी आहेत. चेंडूचा वेग मोजणारी रडार गन होती, धावण्याची वेळ मोजायला स्टॉपवॉच होते, आणि प्रत्येक प्रशिक्षकाच्या हातात टॅबलेट होता. एकूण छाप उत्तम पडते.

खेळ कळणाऱ्याला मात्र तिथे काही गोष्टी खटकतात. सॉफ्टबॉलचे इनफिल्ड, म्हणजे बेसांभोवतीचा मैदानाचा आतला भाग, संपूर्ण मातीचे असते आणि मातीत चेंडू कधी खड्ड्यावर आपटून छातीवर येतो, कधी अचानक मंदावतो. मुलीचे पाय आणि डोळे खरे तपासले जातात ते तिथे. कृत्रिम गवतावर चेंडू जलद पण सरळ येतो, त्यामुळे हात चपळ असलेली मुलगी पाय न हलवताही चांगली दिसते. फलंदाजीची परीक्षा यंत्राच्या चेंडूवर घेतली. यंत्राला हात नसतो, आणि फास्टपिच, म्हणजे वेगाने टाकलेल्या चेंडूच्या, सॉफ्टबॉलमध्ये फलंदाज आपली वेळ साधते ती पिचरच्या गोल फिरणाऱ्या हाताकडे पाहून. 40 फुटांवरून ताशी 45 मैलांनी येणारा चेंडू सहा दशांश सेकंदाच्या आसपास होम प्लेटवर, म्हणजे फलंदाजापाशी, पोहोचतो. एवढ्या वेळात मारायचे की सोडायचे हे ठरवण्याची तयारी हात फिरू लागतो तेव्हाच सुरू झालेली असावी लागते. यंत्रावर हे कौशल्य दिसत नाही.

याहून गंभीर गोष्ट मला अर्ध्या तासाने लक्षात आली. आठ मुली त्याच क्लबाच्या गेल्या हंगामातल्या जर्सी घालून आल्या होत्या. प्रशिक्षक त्यांना नावाने हाक मारत होते आणि बाकी सर्वांना क्रमांकाने. शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या, जागेवर उभ्या असलेल्या दोघी तिथून शेवटपर्यंत हलल्या नाहीत. जुन्या खेळाडूंना कायम ठेवणे यात गैर काही नाही, उलट मुलींच्या दृष्टीने ते चांगलेच. पण मग संघात थोड्याच जागा रिकाम्या आहेत हे फी घेण्यापूर्वी सांगायला हवे होते. सत्तरेक मुलींच्या पालकांनी प्रत्येकी 40 डॉलर भरले ते सर्व जागा खुल्या आहेत असे समजून.

त्याच रात्री दहाच्या सुमारास ईमेल आला : मुलीची निवड झाली आहे, 48 तासांत 500 डॉलर भरून जागा निश्चित करावी, रक्कम परत मिळणार नाही, वर्षाची एकूण फी 2,600 डॉलर, प्रवास आणि हॉटेल वेगळे. मुलगी आनंदाने उड्या मारत होती. मी उत्तरात तीन प्रश्न विचारले : संघात एकूण किती मुली असतील, तिचा विचार कोणत्या जागेसाठी केला आहे, आणि चाचणीत तिला कशात किती गुण मिळाले. आलेले उत्तर विनम्र होते, पण त्यात एवढेच होते की संघात तेरा किंवा चौदा मुली असतील, जागा हंगामात ठरतील, आणि गुणपत्रक पालकांना दाखवण्याची पद्धत नाही. मैदानात एका वेळी नऊ जणी उतरतात. चौदाव्या मुलीची फी पहिल्या मुलीइतकीच असेल आणि तिला आपण चौदावी आहोत हे एप्रिलमध्ये बाकावर बसल्यावर कळणार असेल, तर त्या निवडीला मी निवड म्हणू शकत नाही. आम्ही नकार कळवला. मुलगी दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही, आणि तिचे तसे वागणे मला समजत होते.

दुसऱ्या क्लबाकडे आम्ही फारशी अपेक्षा न ठेवता गेलो. काउंटीच्या उद्यानातले मातीचे मैदान, सावलीला एकच झाड, चाचणी विनामूल्य, आणि चार प्रशिक्षक चौघेही संघातल्या मुलींचे वडील. इथल्या पालकांत अशा संघांसाठी ‘डॅडी बॉल’ असा शब्द आहे, म्हणजे बाप प्रशिक्षक आणि लेक कायमची पिचर. तो अनुभव अनेकांना आलेला आहे आणि त्यांची तक्रार खोटी नाही. मीही सावधपणेच कुंपणाबाहेर खुर्ची टाकली.

चाचणी सुरू होण्यापूर्वी मुख्य प्रशिक्षकांनी सर्व पालकांना झाडाखाली बोलावले आणि उघडपणे सांगितले की संघ बारा जणींचा असेल, सात जणी परत येत आहेत, पाच जागा रिकाम्या आहेत, आणि त्यांना सर्वांत निकड एका पिचरची व एका कॅचरची, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारीची, आहे. कोणाची मुलगी पहिल्यांदाच या वयोगटात येत आहे हे विचारून त्यांनी तशी खूण कागदावर केली. मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रौढांसाठी लागणारी पार्श्वभूमीची तपासणी आणि सेफस्पोर्टचे, म्हणजे खेळातले गैरवर्तन रोखण्याचे, प्रशिक्षण चौघांनीही पूर्ण केल्याची कागदपत्रे टेबलावर ठेवलेली होती. कोणी मागायच्या आधीच. हे सर्व दहा मिनिटांत झाले.

चाचणी दोन संध्याकाळ चालली, आणि दोन संध्याकाळ हाच तिचा मोठा गुण. पहिल्या दिवशी बिचकलेली मुलगी दुसऱ्या दिवशी मोकळी होते. जमिनीवरचे चेंडू उजवीकडे, डावीकडे आणि अगदी हळू असे तिन्ही प्रकारे दिले. फलंदाजीसाठी हायस्कूलच्या संघातल्या दोन मुली प्रत्यक्ष पिचिंग करत होत्या आणि मधूनच चेंज-अप, म्हणजे त्याच हालचालीतून मंद चेंडू, टाकत होत्या. दुसऱ्या दिवशी छोटा सामना खेळवला, आणि तेव्हा एक प्रशिक्षक केवळ चेंडू जिथे नाही तिकडच्या मुलींकडे पाहत होता : पहिल्या बेसवर फेक जाताना राइटफील्डची, म्हणजे मैदानाच्या उजव्या बाहेरच्या भागातली, मुलगी मागे आधाराला धावते की कमरेवर हात ठेवून उभी राहते, एवढेच तो लिहीत होता. मला जळगावचे आमचे सर आठवले. तेही नेमके हेच पाहत.

पिचर मुलींची परीक्षा कुंपणाच्या कडेला चालली होती. उलट्या घातलेल्या बादलीवर बसून आपापल्या मुलीचा चेंडू पकडणारे वडील हे इथल्या प्रत्येक मैदानावरचे दृश्य असते. संघातल्या आधीच्या पिचरचे वडील हे त्या चौघांपैकीच एक प्रशिक्षक होते. तिची पाळी आली तसे ते बादलीवरून उठले, पॅड सहकाऱ्याच्या हातात दिले आणि पाण्याचे कॅन भरायला निघून गेले. ते परतले तेव्हा दुसरी मुलगी टाकत होती. कोणी त्यांना उठायला सांगितले नव्हते. पालक प्रशिक्षकाबद्दल मला जे जाणून घ्यायचे होते ते मला तिथे दिसले.

या क्लबात उणिवा नाहीत असे नाही. चौघांत एकही स्त्री नव्हती, आणि अकरा-बारा वर्षांच्या मुलींच्या संघाला ती फार मोठी उणीव आहे. वयात येणाऱ्या मुलीला काही गोष्टी मैत्रिणीच्या वडिलांना सांगता येत नाहीत. कॅचरचे संरक्षक साहित्य एकच होते, त्यामुळे तीन मुली ते उतरवण्या-चढवण्यात वेळ घालवत राहिल्या. पिचर होऊ पाहणाऱ्या मुलींना प्रत्येकी दहाच चेंडू मिळाले, जे माझ्या मते अपुरे आहेत. निकाल चार दिवसांत कळवू म्हणाले आणि नऊ दिवस लावले. त्या नऊ दिवसांत मुलीने रोज शाळेतून आल्यावर पहिला प्रश्न तोच विचारला.

माझ्या मुलीची निवड झाली नाही. मुख्य प्रशिक्षकांनी फोन केला, आधी माझ्याशी बोलले आणि मग परवानगी घेऊन तिच्याशी. पाठोपाठ एक पानाचा कागद ईमेलने आला. प्रत्येक रकान्यातले गुण, आणि खाली चार ओळी : बेसवर धावताना निर्णय उत्तम; चुकल्यावर खचत नाही; डावीकडचा चेंडू हात लांबवून घेते, पाय आधी हलले पाहिजेत; मोठा चेंडू अजून तळव्यात धरते, रोज वीस फेकी बोटांच्या पकडीने कराव्यात. ती तिसऱ्या ओळीपाशी थांबली आणि म्हणाली, “आई, हे खरं आहे गं. मला पण तसंच वाटत होतं.”

मैत्रिणींना मी हाच दुसरा क्लब सुचवते. ज्यांना बंदिस्त मैदान, वर्षभराचे जिम आणि दूरच्या स्पर्धा हव्या आहेत आणि खर्चाची अडचण नाही त्यांनी पहिल्या क्लबाचा विचार जरूर करावा, मात्र पैसे भरण्यापूर्वी संघाची संख्या आणि रिकाम्या जागा लेखी मागाव्यात. पालक प्रशिक्षकांविषयी विचाराल तर त्यांच्या मुलीचे गुण कोण देतो आणि ती गेल्या हंगामात किती वेळा बाकावर बसली, हे दोन प्रश्न न संकोचता विचारा. ज्यांच्याकडे उत्तर असते ते रागावत नाहीत.

मुलगी सध्या गावच्या लीगच्या शरद ऋतूतल्या सामन्यांत सेकंड बेसवर खेळते आहे. तो कागद आमच्या फ्रिजवर लावलेला आहे. संध्याकाळी साडेसहाला, उजेड असेतो, घरामागच्या अंगणात ती वीस फेकी मोजून करते, आणि मी मुद्दाम तिच्या डावीकडे चेंडू टाकते.